पुढच्या राऊंडपर्यंत

गुरुवार, नाशिक

रिपोर्ट हातात पडून आज बारा दिवस झाले. डाव्या स्तनात गाठ आहे आणि ती साधी नाही. तपासायला दिलेला तुकडा त्याआधी नऊ दिवस कुठल्याशा टेबलावर तसाच पडून राहिला होता. त्या नऊ दिवसांचा राग अजून गेलेला नाही. रोज रात्री प्रार्थनेत तो प्रभूसमोर ठेवते आणि सकाळी पुन्हा उचलून घेते.

पुण्याला ऑपरेशनची तारीख मंगळवारची मिळाली. सोमवारी दाखल व्हायचं. मधले चार दिवस घरात बसून काढायचे नाहीत हे माझ्या मावशीनं ठरवलं. मावशी शहात्तर वर्षांची आहे. मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि निवृत्त होईपर्यंत वॉर्डातच राहिली. ती म्हणाली, "पुण्याला जायचंच आहे ना? मग नगरवरून, केडगाववरून जाऊ. पंडिता रमाबाईंच्या कबरीपाशी थांबून पुढं जाऊ." ईस्टरआधीचा उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता. मला नाही म्हणायचं बळही नव्हतं.

निघण्याआधी सकाळी शरणपूरच्या चर्चमध्ये गेलो. शरणपूर रोडवर आज दुकानांची इतकी दाटी आहे की नावातलं 'शरण' कुणाच्या कानी पडत नाही. एकोणिसाव्या शतकात मिशननं वसवलेली ही वसाहत. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली गेली, इथे शिकली, बाप्तिस्मा घेऊन वाढली. त्यांतला एक जेकब वेनराइट. लहानपणी रविवार शाळेत मावशीच मला त्याची गोष्ट सांगायची. आज चर्चच्या पायरीवर बसून तिनं ती पुन्हा सांगितली. मीही ती पहिल्यांदाच ऐकावी तशी ऐकली.

१ मे १८७३ रोजी मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत, चितांबोच्या गावात वारले. त्यांच्या माणसांनी त्यांचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. नाशिकला शिकलेल्या जेकबनं प्रेतक्रियेची उपासना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. मग सुसी, चुमा, जेकब आणि बरोबरच्या माणसांनी शरीर उन्हात वाळवून, कापडात आणि सालीत गुंडाळून, खांद्यावर घेतलं आणि समुद्राची वाट धरली. दीड हजार किलोमीटरच्या वर अंतर होतं. आजारपणं, दलदल, प्रेत गावातून नेऊ न देणारी माणसं. एका ठिकाणी तर त्यांनी ते कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून पुढे नेलं. वाटेत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं सांगितलं, इथेच पुरा. ते ऐकले नाहीत. १८७४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बागामोयोला पोचले. एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी वाहणाऱ्यांमध्ये जेकब होता.

"नऊ महिने," मी म्हणाले. "घाबरली नसतील का गं ती?"

"घाबरली असतीलच की. पण मजल दिवसाची असते बाई. सकाळी उचलायचं, संध्याकाळी टेकवायचं."

शुक्रवार, नाशिक ते अहिल्यानगर

सकाळी साडेसातची एसटी. सिन्नरपर्यंत मी मोबाइलवर पुन्हा तेच वाचत बसले होते: कितवी पायरी, किती टक्के, किती वर्षं. मावशीनं काही न बोलता फोन माझ्या हातातून घेतला, पर्समध्ये टाकला आणि पर्स मांडीखाली दाबली.

शिर्डीला अर्धी गाडी उतरली, तेवढीच पुन्हा भरली. राहाता, बाभळेश्वर, कोल्हारचा प्रवरेवरचा पूल. दोन्ही बाजूंना ऊस. कारखान्यांकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या मागे गाडी रांगत होती. राहुरीला दहा मिनिटं थांबली तेव्हा मावशीनं डबा उघडला: बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, वर कांदा. मला घास गिळवेना.

"राहुरीत टिळक राहिले होते," मावशी म्हणाली. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्याकडे घरातल्या माणसासारखे असतात. त्यांची भजनं आम्ही पाळण्यापासून ऐकतो आणि कबरीपर्यंत आमच्यासाठी तीच गायली जातात. मला मात्र त्या बसस्टँडवर आठवल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. १० फेब्रुवारी १८९५ ला नारायणरावांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि इकडे सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई कोलमडून गेल्या. नवरा जिवंत असून गेल्यासारखा. पदरात लहान मूल. पुढची कितीतरी वर्षं ताटातूट. मग त्या परत आल्या, त्याही एकदम नाही. वेगळी चूल, वेगळं पाणी, मग हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली आणि अखेरीस त्यांनी स्वतःहून ख्रिस्त स्वीकारला. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांनी अपुरं ठेवलेलं ख्रिस्तायन हे येशूच्या जीवनावरचं काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. नवऱ्याच्या हाताखाली वाचायला शिकलेली बाई होती ती.

मी अर्धी भाकरी खाल्ली.

नगरला मावशीच्या एका जुन्या मैत्रिणीकडे उतरलो. आता नाव अहिल्यानगर आहे, पण मावशीच्या तोंडी नगरच. संध्याकाळी शेजारच्या चार बायका आल्या, सगळ्या चर्चच्या मंडळीतल्या. गाणं झालं, वचन झालं. नंतर माझ्या डोक्यावर हात ठेवून एकेकीनं प्रार्थना केली. एक जण म्हणाली, "विश्वास ठेव, गाठ आपोआप विरघळेल. आपल्यात भीतीला जागाच नाही." तिनं ते प्रेमानं म्हटलं. तरी ते वाक्य मला दगडासारखं लागलं. कारण माझ्यात भीती होती आणि भरपूर होती. म्हणजे माझा विश्वासच कमी पडला का?

रात्री तीनला जाग आली. पहाटेच्या आधीचा तो तास मला गेले बारा दिवस चांगला ओळखीचा झाला आहे. हात आपोआप गाठीकडे जातो. तळव्याखाली ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी, कडक. मुलीचं लग्न व्हायचंय. दहावीच्या वर्गाचे पेपर तपासायचे राहिलेत. मी उठून स्वयंपाकघरात गेले, बाकड्यावर बसले, पवित्र शास्त्र काढलं. लूकचा बाविसावा अध्याय. वधस्तंभावर जाण्याआधीची, जैतुनांच्या डोंगरावरची रात्र. हा प्याला माझ्यापासून दूर कर असं येशू म्हणतो, तो भाग मला तोंडपाठ आहे. पण त्या रात्री एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. देवदूत येऊन त्याला शक्ती देतो, हे आधी येतं. घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो, हे त्याच्यानंतर येतं. मी ती दोन वचनं चार वेळा वाचली. क्रम तोच होता. शक्ती मिळाली आणि त्यानंतर यातना वाढली. देवदूत आला म्हणून भीती गेली नाही. प्रभूचीच गेली नाही.

मागे चपलांचा आवाज झाला. मावशी. तिनं चहाचं आधण ठेवलं. मी तिला विचारलं, "तुला रात्रपाळीत कधी भीती वाटली नाही?"

"पहिली दोन वर्षं रोज वाटायची. चाळीस खाटा, मी आणि एक आया. कोण कधी दगावेल सांगता यायचं नाही. ड्युटी सुरू होताना मी गुडघ्यावर जायची आणि म्हणायची, प्रभू, सकाळपर्यंतचं बळ दे. आणि सकाळ इतकी लांब वाटायची की मध्यरात्रीच रडू यायचं. मग आमच्या सिस्टर इनचार्ज होत्या, म्हाताऱ्या. त्या म्हणाल्या, सकाळचं कशाला मागतेस? दहाला ताप, नाडी, श्वास बघायचा राऊंड आहे ना, दहापर्यंतचं माग. दहाला दोनपर्यंतचं माग." तिनं साखर ढवळली. "तेव्हापासून तसंच मागते. नोकरी सुटली, ती सवय नाही सुटली."

"आणि मिळतं?"

"राऊंड कधी चुकला नाही माझा."

शनिवार, केडगाव

नगरहून दौंडची गाडी. विसापूर, श्रीगोंदा रोड, काष्टी, मग भीमेचा पूल आणि दौंड. तिथून पुण्याची लोकल धरली. पाटस, कडेठाण, आणि केडगाव. स्टेशनावर उतरल्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, "बेटावर का मुक्तीला?" बेट म्हणजे नारायण महाराजांचं दत्तमंदिर, मुक्ती म्हणजे रमाबाईंचं मिशन. एकाच गावाला दोन्हीकडची माणसं येतात आणि रिक्षावाल्याला दोन्ही दारं सारखीच ठाऊक.

आत झाडी आहे आणि शांतता. आजही इथे निराधार बायका आणि मुली राहतात. एका ताईंनी आम्हाला चहा दिला, मग मावशीनं आमचं येण्याचं कारण सांगितलं. ताईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "या, दाखवते."

रमाबाईंबद्दल मी शाळेत बरंच शिकवलं आहे. संस्कृतातल्या विद्वत्तेसाठी कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही पदं, १८८२ मध्ये आर्य महिला समाज, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन. फळ्यावर लिहायच्या या नोंदी. पण आजारी बाई म्हणून त्या आवारात उभी राहिले तेव्हा दुसराच हिशोब समोर आला. कोवळ्या वयात दुष्काळ. घरचं सगळं संपल्यावर वडिलांनी जलसमाधीची तयारी केली होती. ते कुटुंब अकरा दिवस नि अकरा रात्री जंगलात पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर जगलं, हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मग वडील गेले, आई गेली, बहीण गेली. भाऊ श्रीनिवास तेवढा उरला, त्याच्यासोबत पायी अर्धा हिंदुस्थान पालथा घातला. १८८० मध्ये तोही गेला. त्याच वर्षी लग्न, १८८१ मध्ये लेक मनोरमा, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीनं गेला. रमाबाईंचं वय तेव्हा तेवीस.

हे सगळं झालेल्या माणसाला दुष्काळ या शब्दाचीच धडकी भरायला हवी. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. आपण जे भोगलं तेच भोगणाऱ्या पोरी त्यांनी तिथे पाहिल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका बरोबर घेऊन आल्या. पैसे नव्हते. पुण्यात त्याच सुमाराला प्लेग, त्यामुळे या पोरींना शहरात ठेवायची सोय राहिली नाही. केडगावला शेतजमीन होती, तिथे झापांखाली संसार मांडला. १९०० साली इथे पंधराशे जणी राहत होत्या. पंधराशे जणींची सकाळची भाकरी कुठून येणार हे आदल्या रात्री बहुतेक वेळा माहीत नसायचं, असं मला वाटतं. मी स्वतः वसतिगृहात दोन वर्षं काम केलं आहे आणि ऐंशी मुलींच्या पिठाचा हिशोब करताना माझा जीव अर्धा व्हायचा.

प्लेगचीच आणखी एक गोष्ट. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहिलं. सरकारनं ते खोडून काढलं. ज्या सरकारच्या मेहेरबानीवर मिशनऱ्यांची कामं चालत असं लोक म्हणत, त्या सरकारला ही ख्रिस्ती बाई तोंडावर सुनावत होती. आपल्या लोकांनी त्यांना धर्म सोडला म्हणून टाकलं होतं आणि इंग्रजांना त्या जड जात होत्या. दोन्हीकडून एकट्या.

ताईंनी आम्हाला जुनी प्रत दाखवली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळातून केलेलं मराठी बायबल. खेड्यातल्या, थोडंच वाचता येणाऱ्या बाईला कळावं म्हणून. ते इथेच छापलं. छपाईच्या अक्षरांचे खिळे इथल्याच बायकांनी जुळवले. पान पिवळं पडलेलं, कडा ठिसूळ. मी बोट न लावता खाली वाकून बघत राहिले. एका ओळीत एक अक्षर किंचित खाली बसलं होतं. खिळा नीट ठोकला गेला नसेल. ते अक्षर उलटं हातात धरून, आरशातल्यासारखं वाचून, ओळीत बसवणारी ती कोण असेल? दुष्काळात कुठल्या तरी रस्त्याकडेला सापडलेली पोर, जिला आधी वाचायलाच इथे शिकवलं. तिच्या बोटाची खूण त्या एका अक्षरात अजून आहे.

मावशीनं ताईंना एलीया संदेष्ट्याचा अध्याय काढायला सांगितला, पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा. तिच्याकडे भिंग होतं, ते धरून ती अडखळत वाचत गेली. एलीया जीव वाचवायला रानात पळून आलाय, झुडपाखाली पडलाय, देवाला म्हणतोय आता पुरे, मला मरू दे. आणि देव त्याला रागवत नाही, उपदेशही करत नाही. देवदूत त्याला हलवून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो आणि परत झोपतो. दूत पुन्हा येतो: ऊठ, खा, वाट लांबची आहे.

"दोनदा जेवू घातलं बघ," मावशी म्हणाली. "दोनदा. आणि झोपू दिलं."

मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये गेल्या. चाळीस वर्षांची, आईच्या पश्चात मुक्ती सांभाळेल अशी, एकुलती एक लेक. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, ऐकू येणं जवळजवळ संपलेलं. भाषांतराचं काम अजून हातात होतं. त्या ते करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडलं. लेकीला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मेजापाशी कशा बसल्या असतील? मी एक आई आहे. या प्रश्नापाशी मी संध्याकाळपर्यंत अडकून होते.

कबर साधी आहे. मावशी खाली बसली, मी उभीच राहिले. प्रार्थना करायला तोंड उघडलं आणि 'मला बरं कर' एवढंच येईल असं वाटलं होतं. आलं ते वेगळंच: उद्या उपासनेला बसता येऊ दे. बस, तेवढंच.

रविवार, केडगाव ते पुणे

उपासनेला बसता आलं. मुलींनी टिळकांचं भजन म्हटलं, पेटी आणि टाळांवर, अभंगाच्या चालीनं. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. दूरच्या रस्त्यानं आषाढी वारीला तुकोबांची पालखी जाते त्याच मुलखात ते भजन ऐकताना ते फार खरं वाटलं. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' म्हणताना माझा आवाज अडला. चाळीस वर्षं म्हणतेय. त्यात 'आज' आहे हे कानाला लागलं नव्हतं.

दुपारी लोकल. यवत, उरुळी, लोणी, हडपसर. मावशी खिडकीला डोकं टेकून झोपली. मी फोन परत मागितला नाही.

सोमवार, पुणे

दाखल करून घ्यायला तीन तास लागले. फॉर्म, सह्या, पुन्हा सह्या. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, कुठून कुठवर, आणि काखेतल्या गाठींचं काय ते उद्या आत गेल्यावरच कळेल. मी विचारायचं ते सगळं विचारलं. हात थरथरत होते, पेन दोनदा पडलं, सही वाकडी आली. मुलगी मुंबईहून रात्री नऊला पोचली. बाळंतिणीला बांधतात तसा स्कार्फ तिनं माझ्या डोक्याला गुंडाळला, कारण एसीचा झोत थेट वर येत होता.

मावशीला रात्री थांबू देत नव्हते. तिनं इनचार्जला आपण मिरजेच्या असल्याचं सांगितलं. दोघी बराच वेळ काहीतरी बोलल्या आणि मग माझ्या खाटेजवळ एक खुर्ची आली.

रात्रीची नर्स कोवळी पोरगी होती, बावीस-तेवीसची. तिनं माझा हात घेतला, घड्याळाकडे बघत नाडी मोजली, ताप पाहिला, कागदावर लिहिलं. तिच्या नखांजवळ मेंदी अजून उरली होती.

"आजी, झोप येत नसेल तर सांगा," ती मावशीला म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "ताई, काही हवंय?"

"पुढचा राऊंड कधी?" मी विचारलं.

"दोनला."

मावशीनं खुर्ची जवळ ओढली. मी डोळे मिटले आणि दोनपर्यंतचं मागितलं.